‘बाळाला बांधून काय ठेवलंय?’ असं पोलीस का म्हणतो

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्याहून कोल्हापूरला निघालेलं जोडपं. दोन वर्षांची मुलगी मागे तिच्या कार सीटमध्ये, पट्टे लावून. एका नाक्यावर गाडी बाजूला घेतली, कागद पाहिले, सगळं ठीक निघालं. मग हवालदारांनी मागच्या काचेतून डोकावून म्हटलं, “अहो, लेकराला बांधून काय ठेवलंय? रडतंय ते. घ्या की मांडीवर.” विचारणाऱ्या आईचा प्रश्न असा की वाहतूक पोलिसांना यातलं काही माहीतच नसतं, की माहीत असून पर्वा नसते? आणि याची तक्रार करावी का?

मी पोलीस खात्यात 31 वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वाहतूक शाखेत आणि महामार्गावर गेली, आणि सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. ते हवालदार मीच असू शकलो असतो. किंबहुना ऐन नोकरीत हे वाक्य मी स्वतः बोललो आहे, तेही एकदा नव्हे. त्यामुळे हे उत्तर लांबेल.

माहीत नसतं की पर्वा नसते, यातलं एक मला निवडता येत नाही. त्या हवालदारांना तुमच्या मुलीची पर्वा होती, म्हणून तर ते बोलले. घोळ तिथेच आहे. पोलिसाच्या डोक्यात सीट बेल्ट ज्या कप्प्यात असतो, त्याच कप्प्यात लायसन, पीयूसी, विमा आणि फॅन्सी नंबरप्लेट असते. नसेल तर पावती, असेल तर निघा. लहान मूल मात्र वेगळ्या कप्प्यात असतं. तो मायेचा कप्पा. लेकुरवाळी बाई दिसली की कडक माणूसही नरमतो, आणि नरमणं म्हणजे ‘जाऊ दे त्यांना’. बेल्टचा आणि मायेचा कप्पा एकच आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पॉइंटवर उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो. सिग्नलला गाडी येते, चालकाची नजर आमच्यावर पडते, आणि हात झटकन खांद्यामागे जाऊन पट्टा ओढला जातो. कधी कधी बकलमध्ये अडकवतही नाहीत, नुसता छातीवर धरून ठेवतात. आम्ही ते बघत असतो, त्यांनाही ते माहीत असतं, आणि तरी गाडी सोडून देतो. का? आम्हाला बघून पट्टा ओढला म्हणजे मान दिला असं वाटतं. तो सलाम झाला. पुढच्या चौकात त्याने तो सोडला तरी आमचं काही बिघडत नाही.

यात चिरीमिरीचा भाग नाही असं म्हणालो तर तुम्ही हसाल. आहे. बेल्ट, काळी काच, नंबरप्लेट ही बोलणी सुरू करायची निमित्तं होती, आजही कुठे कुठे आहेत. कॅमेरा आणि ई-चलन आल्यापासून ते कमी झालं. पण केवळ त्याने हा स्वभाव घडलेला नाही. तो घडला आमच्याच जीपमध्ये.

पोलिसांची बोलेरो आतून पाहिली आहे का कधी? मागे दोन बाक समोरासमोर, त्यावर सहा जण, पायाशी लाठ्या, हेल्मेटं आणि डबे. त्या आडव्या बाकांना पट्टे नसतातच. शिपाई म्हणून भरती झालेला पोरगा पहिली काही वर्षं बंदोबस्ताला अशाच बाकावर हेलकावे खात जातो. पुढे साहेब बसतात डाव्या सीटवर. डाव्या सीटचं बकल उजव्या कुशीशी येतं आणि पिस्तूलही उजव्या कुशीलाच असतं. बकल होल्स्टरवर घासतं, घाईत उतरताना अडकतं. मी स्वतः कितीतरी वर्षं याच कारणाने पट्टा लावला नाही. साहेब लावत नाहीत म्हणून ड्रायव्हर लावत नाही. गाडी टिंग टिंग करायला लागली की पट्टा सीटच्या मागून नेऊन बकलमध्ये खोचायचा आणि त्याला टेकून बसायचं. बाजारात तर नुसत्या क्लिपा मिळायच्या, बकलमध्ये घातल्या की टिंग टिंग बंद. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विकायला बंदी केली. त्याआधी अशी एक क्लिप मी सरकारी गाडीत पाहिली आहे. कुठल्या, ते सांगत नाही.

आता ज्याने माझं मत बदललं ते. अपघाताचा पंचनामा करताना गाडीच्या आतलं एकेक लिहावं लागतं. एका रात्री महामार्गावर एक मोटार उभ्या ट्रकला मागून धडकली होती. पुढचे दोघे पट्ट्यात होते, बरगड्या मोडल्या पण बोलत होते. मागे आजी आणि मांडीवर नातू. त्या दोघांचं लिहीत नाही. मी बॅटरी घेऊन मागची सीट तपासली. पट्टे होते, कोरे करकरीत, पण बकलं कुठे दिसेनात. नवं रेक्झिनचं सीट कव्हर घातलेलं होतं, ते खालून उचकटलं तर दोन्ही बकलं दबलेली, लाल बटणावरचा प्लास्टिकचा कागदही न निघालेला. पंचनाम्यात आमच्या भाषेत ओळ लिहिली: “मागील आसनाचे सुरक्षा पट्ट्यांची बकले सीट कव्हरखाली मिळून आली.” मिळून आली! जणू चोरीचा माल. गाडी शोरूममधून निघाली त्याच दिवशी कुणीतरी ती कव्हरखाली गाडली होती. तुम्ही हे वाचताय तर उठून आपल्या गाडीच्या मागच्या सीटमध्ये हात घालून बघा. बरीच बकलं अशीच गाडलेली असतात.

त्यानंतर मी आकडेमोड शिकलो. अवघड नाही. 50 च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. ती भिंतीला धडकून पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे 20 पट जोर येतो. 10 किलोचं बाळ त्या क्षणी 200 किलोचं होतं. ते हातात धरू शकेल अशी आई कुठली? दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर 50 च्या वेगाची धडक म्हणजे दहा मीटरवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बाळाला मांडीत घेऊन कुणी बसलं तर तेच हवालदार धावत जाऊन ओरडतील.

मागच्या सीटबद्दल आपल्याकडे एक जुना समज आहे की मागे बसलं की सुरक्षित. हा समज महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन पाहिला. 3 जून 2014 ला दिल्लीत मोटार अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथराव मुंडे गेले, ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. गाडीचं नुकसान बघितलं तर आतलं कुणी गेलं असेल असं कुणाला वाटलं नसतं. त्या आठवड्यात आमच्याकडे चर्चा झाली ती घातपाताची आणि सिग्नल कुणी तोडला याची. मागच्या बेल्टबद्दल एकही परिपत्रक माझ्या टेबलावर आलं नाही. मग 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते हे तपासात पुढे आलं. त्यानंतर मुंबईत 1 नोव्हेंबर 2022 पासून गाडीतल्या प्रत्येकाला पट्टा सक्तीचा, असा आदेश निघाला. तारीख आली तेव्हा आधी काही दिवस प्रबोधन करायचं ठरलं, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी विचारलं की आमच्या जुन्या गाड्यांना मागे पट्टेच नाहीत, आम्ही काय करायचं? रास्त प्रश्न होता. पॉइंटवरच्या पोलिसाकडे त्याला उत्तर नव्हतं.

गंमत म्हणजे तो नियम नवा नव्हताच. केंद्रीय मोटार वाहन नियम 138 मध्ये पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा, हे कधीपासूनच लिहिलेलं होतं. दंड शंभर रुपये होता, त्यामुळे कुणी हात घालत नव्हतं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194-ब आलं आणि दंड हजारावर गेला. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात तुमच्या मुलीचा विषय आहे: 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला, किंवा तशी गाडी चालवू देणाऱ्याला, हजार रुपये दंड. देशात ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली. महाराष्ट्राने वाढीव दंड रोखून धरले आणि ते लागू व्हायला 2021 चा डिसेंबर उजाडला. त्या काळात हेल्मेट आणि दारू यांवर भाषणं झाली, लहान मुलांचं पोटकलम आमच्या कुठल्याही बैठकीत कुणी मोठ्याने वाचलं नाही. कलम वाचलं तरी हवालदाराला फारसं हाती लागत नाही. कुठल्या वयाला कुठली सीट, किती उंचीपर्यंत, हे त्यात नाही. माझी भाची इंग्लंडमध्ये असते, तिथे 12 वर्षं पूर्ण किंवा 135 सेंटिमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर मुलांची सीट लागते. एवढं सोपं माप असेल तर शिपाईसुद्धा नजरेने ठरवू शकतो. आपल्याकडे सहा वर्षांच्या पोराला मोठ्यांचा पट्टा लावला, तो गळ्यावरून गेला, तरी कलम पाळलं गेलं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. दंड बसतो चालकाला. मागे साहेब किंवा शेठ बिनपट्ट्याचे बसलेले असतात आणि पगारी ड्रायव्हर आमच्यासमोर उभा असतो. तो मालकाला “साहेब, पट्टा लावा” म्हणू शकत नाही, आणि आम्ही गाडीवरची पाटी बघून काच वाजवायला कचरतो. एकदा एका तरुण शिपायाने काच वाजवली होती. आतून फोन पुढे आला, “बोला, वरून आहे.” पुन्हा त्या पोराने मागच्या काचेकडे पाहिलं नाही. मी तिथे होतो आणि मीही गप्प बसलो, हे लिहायला हवं.

दिसण्याचाही प्रश्न आहे. हेल्मेट लांबून दिसतं. पुढचा पट्टा काचेतून दिसतो. मागे, दुपारच्या उन्हात, बाजूच्या काचेतून पट्टा आहे की ओढणी, हे गाडी थांबवल्याशिवाय कळत नाही. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच बंदी आणली, तरी ती गेलेली नाही, आणि आता उन्हासाठी जाळीचे पडदे आहेत. दिवसभरात किती चलनं केली याचा हिशेब संध्याकाळी द्यायचा असतो, त्यात कोंडी झाली तर वायरलेसवर बोलणी वेगळी. अशा वेळी माणूस हेल्मेट आणि नो-पार्किंगकडे वळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा पट्टा टिपून चलन पाठवते, त्यामुळे पुढच्या सीटवर फरक पडलेला मला दिसतो. मागची सीट आणि मांडीवरचं बाळ कॅमेऱ्याच्या नजरेतूनही निसटतं.

आकडेवारीबद्दल एक बोच आहे, ती इथेच सांगून टाकतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये सीट बेल्ट न लावल्याने देशात 16,715 जण मेले, त्यात 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी. जवळजवळ निम्मे निम्मे. हा आकडा येतो कुठून? आमच्या ठाण्यात भरलेल्या रकान्यांतून. जखमींना लोकांनी आधीच बाहेर काढलेलं असतं, पट्टा होता की नव्हता हे विचारायला कुणी शुद्धीवर नसतं, आणि रकाना भरणारा दमलेला असतो. पट्ट्यावर ताण आल्याच्या खुणा, पट्ट्याच्या कापडावर घासलेला रंग, लॉक झालेलं रीळ, हे बघायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ज्याला पट्टा हा कागद वाटतो, तो रकानाही कागदासारखाच भरतो.

मग शिकवायचं कसं? निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मला उजळणी वर्गात एक तास मिळाला. भाषण द्यायचं ठरवलं असतं तर निम्मे झोपले असते. मी दहा किलोची तांदळाची पिशवी आणि नातीची सीट घेऊन गेलो. मैदानावर जीप काढली. बरोबर एक दांडगे हवालदार होते, कबड्डी खेळलेले. त्यांना मागच्या पुढे तोंड असलेल्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसवलं आणि सांगितलं, बाळ आहे समजा. वीसच्या वेगाने गेलो, सांगून ब्रेक मारला. त्यांनी पिशवी धरली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत न सांगता मारला. पिशवी हातातून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि खाली पडली. तोंड सुटून तांदूळ पायांत सांडले. कुणी हसलं नाही. मग मी सांगितलं की हा नुसता ब्रेक होता. ब्रेकमध्ये पिशवी सहा-सात किलोच्या ओढीने पुढे जाते, धडकेत तीच दोनशेची होते. हवालदार तांदूळ गोळा करत होते. मला म्हणाले, “साहेब, माझी बायको रोज पोराला असंच पुढच्या सीटवर घेऊन बसते.”

मग प्रश्न सुटले. सीट केवढ्याची? वॅगनआरमध्ये दोन बसतात का? बाळ रडलं तर काय? पोलिसाच्या पगारात कार सीट ही ऐपतीबाहेरची वस्तू नाही, पण ‘दोन वर्षांत लहान होणाऱ्या’ वस्तूवर पैसे घालायचं जिवावर येतं. बहुतेकांनी त्या दिवशी ती पहिल्यांदा हाताळली. आपण कधी न पाहिलेली वस्तू रस्त्यावर तपासायची कशी, हे कुणी विचारत नाही.

त्यांना जे सांगितलं तेच इथेही लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात ती सीट असूनही चुकीची लावलेली असते. तान्हं बाळ मागे तोंड करून बसवायचं, आणि शक्य तितकी जास्त वर्षं तसंच ठेवायचं. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत ठेवतात. मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर, कधीच लावायची नाही. एअरबॅग फुटली तर ती सीटच बाळावर आदळते. सीट आयसोफिक्समध्ये, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच बसवलेल्या लोखंडी कड्यांत, किंवा गाडीच्या पट्ट्याने घट्ट बसवल्यावर बुडापाशी धरून हलवून बघा, इंचभराहून जास्त हलता कामा नये. बाळाच्या पट्ट्याला खांद्यापाशी चिमटा काढून बघा, चिमटीत पट्टा आला तर सैल आहे. थंडीत महाबळेश्वरला जाताना जाड जॅकेट घालून पट्टा आवळतात. जॅकेट धडकेत दबतं आणि पट्टा सैल पडतो, म्हणून आधी पट्टा, वरून शाल. मोठ्या मुलाला साधा पट्टा चालेल की नाही याची खूण अशी: पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकले पाहिजेत, कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावर आला पाहिजे. पोटावर किंवा गळ्यावर येत असेल तर खाली बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, हवी. आणि सनरूफमधून डोकं काढून उभी राहणारी पोरं. त्यांना बघून आमचे लोक हात हलवतात. मीही हलवला आहे.

राहिला तक्रारीचा प्रश्न. माझं ऐकाल तर करू नका. तक्रार केली तर त्या हवालदारांना एक मेमो मिळेल, ते खुलासा लिहितील, आणि पुढच्या वेळी मुलांची गाडी दिसली की तोंडच फिरवतील. तुम्हाला वेळ असेल तर पुढच्या खेपेला असं करा. गाडी बाजूला, इंडिकेटर चालू, मूल रडत असलं तरी पट्टा सोडू नका. खाली उतरून मागचं दार उघडा आणि म्हणा, “साहेब, जरा हा पट्टा ओढून बघता का, घट्ट आहे ना?” बहुतेक जण ओढून बघतील. विचारतील, केवढ्याला घेतली? तेव्हा तांदळाच्या पिशवीचं सांगा. कलम सांगू नका. कलम सांगितलं की आम्ही लगेच ताठ होतो.

माझे ते कबड्डीवाले हवालदार आता दुसऱ्या जिल्ह्यात आहेत. मध्यंतरी त्यांनी फोटो पाठवला. सेकंडहॅण्ड सीट, त्यात पोरगं तोंड वाकडं करून बसलेलं, आणि सीट लावली होती पुढे, एअरबॅगसमोर. मी लगेच फोन केला.